वाळवंट, तंबू, शेख वगैरे: कुठून सुरू करू?

चिंगी_८२
हसायचं नाही, आधीच सांगते. माळा आवरताना वहिनीची जुनी ट्रंक उघडली तर साड्यांच्या खाली चार मिल्स अँड बून, म्हणजे ती इंग्रजी प्रेमकथांची पुस्तकं, पेपरचं कव्हर घातलेली आणि वर वहिनीच्या अक्षरात 'इकॉनॉमिक्स'. एक सहज चाळायला घेतलं, लंडनची नर्स, कुठल्यातरी अल-काहीतरी देशाचा शेख, घोडा, वादळ, आणि रात्री दोनला बघते तर शेवटची दोन पानंच गायब. शेवट काय होणार हे शेंबडं पोर सांगेल तरी जीव टांगणीला लागलाय. घरात नवरा चहाचा कप विसळत नाही म्हणून मी भांडते आणि हा बाबा "तू इथून जाणार नाहीस" म्हणतो तर मी पान उलटते, हे काय आहे नक्की? आणि चांगली कुठली ते सांगा. पळवून नेणं शक्यतो नको.

रद्दीतली_राणी
ये गं ये, आपण बऱ्याच जणी आहोत.
या सगळ्यांची आजी म्हणजे ई. एम. हलची 'द शीक', १९१९ ची. बाईंचा नवरा पहिल्या महायुद्धात लांब होता तेव्हा लिहिलेली. १९२१ ला त्यावर हॉलिवूडचा हिरो व्हॅलेंटिनोचा सिनेमा आला आणि बायका वेड्या झाल्या. पण त्यापासून सुरुवात करू नकोस, अल्जीरियात शेख नायिकेला पळवतो आणि सरळ बलात्कार करतो, नंतर तिचं प्रेम वगैरे. मी अर्ध्यात भिंतीवर फेकलं होतं (मग उचलून पूर्ण केलं, ते जाऊदे).
हलकंफुलकं हवं तर सुझन मॅलरीची 'डेझर्ट रोग्ज' मालिका, एल बहार आणि बहानिया असे बनवलेले देश, विनोद बरा आहे, पळवापळवी तिथेही आहे पण फार मनावर घ्यायची नाही. पारंपरिक, राग-रुसवा-हिरेमाणकं टाईप हवं तर लिन ग्रॅहम. नलिनी सिंगचं पहिलं पुस्तक पण हेच, 'डेझर्ट वॉरियर', २००३.
आवडतं का, तर माझ्या मते ज्याला जन्मात कुणी नाही म्हटलं नाही अशा माणसाला पहिल्यांदा नाही म्हणणारी आपण. पान चाळीसला ऑर्डरी सोडतो, पान एकशेऐंशीला तिच्या दाराबाहेर उभा. कपाचा प्रश्नच येत नाही, कप विसळायला बारा माणसं आहेत. आणि देश खोटा असतो ते मुद्दाम, लग्नाच्या आड कायदा आला की राजा एका परिच्छेदात कायदा बदलतो. आपल्याकडे साधं रेशनकार्डावर नाव बदलून बघ.

खवट_आजोबा
भगिनींनो, उंटाचा वास घेतलाय का कधी?

मस्कतवाली
आजोबा, मी घेतलाय, पुस्तकात येत नाही ते बरंय :)
अकरा वर्षं ओमानमधे आहे. तंबू रिसॉर्टवाल्यांचे, जूनमधे बाहेर उभं राहिलं की चपलेचा सोल मऊ होतो, आणि ऑफिसातले बॉस पोरांच्या शाळेच्या फीबद्दल कुरकुरतात. पण एक सांगते, इथल्या दिशदाशाला, म्हणजे पुरुषांच्या लांब झग्याला, गळ्याशी छोटा गोंडा असतो, त्याला अत्तर लावतात. लिफ्टमधून माणूस उतरून गेला तरी वास मागे राहतो. हे आजवर एकाही पुस्तकात मला सापडलेलं नाही, सगळे आपले 'चंदन आणि मसाले' लिहून मोकळे. ज्या बाईला हे सुचेल तिचं पुस्तक मी प्रीऑर्डर करीन.

कोरा_कागद
रसभंग करतोय, पण 'द शीक'च्या शेवटी तो शेख मुळात अरब नसतोच ना? बाप इंग्लिश लॉर्ड, आई स्पॅनिश. म्हणजे थरारासाठी अरब आणि लग्नासाठी गोरा. नंतरच्यांतही बऱ्याचदा आई परदेशी, शिक्षण इंग्लंडात. हे खटकत नाही का?

रद्दीतली_राणी
खटकतं. म्हणून तर फेकलं होतं म्हटलं ना. नव्यांत निदान अरब हिरो अरबच राहतो, पण अख्ख्या देशात त्याच्याशिवाय एक धड माणूस नसतो, काका कपटी, प्रजा मागास. मी तेवढी पानं भराभर उलटते, खरं सांगते.

चिंगी_८२
सगळ्यांना थँक्यू, मॅलरी मागवलंय. काल धीर करून वहिनीला फोन केला, म्हटलं ट्रंकेतल्या एका पुस्तकाची शेवटची पानं नाहीयेत. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक केल्याचा आवाज, मग शांतपणे विचारते, "कुठलं, नर्सवालं की सेक्रेटरीवालं?"