सोळाव्या लुईच्या न्यायदंडाचं विश्वासार्ह चित्र कुठे मिळेल?

मदत हवी आहे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या, रॅन्स शहरातल्या कॅथेड्रलमधल्या १७७५ च्या राज्याभिषेकाचं चित्र काढतेय. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची बसलेली मूर्ती असलेला राजदंड आणि 'ज्वायूज' तलवार दोन्ही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असल्याने त्यांचे फोटो भरपूर मिळाले. अडलंय ते डाव्या हातातल्या न्यायदंडापाशी, म्हणजे टोकाला हस्तिदंती पंजा असलेल्या काठीपाशी. लूव्रमधला न्यायदंड नेपोलियनच्या १८०४ च्या अभिषेकासाठी बनवलेला, म्हणून तो बाद. (नेटवर मात्र सर्रास तोच दाखवतात!) चित्रकार रिगोने १७०१ मध्ये काढलेल्या चौदाव्या लुईच्या चित्रात बाजूला न्यायदंड ठेवलेला दिसतो, पण बारकावे कळत नाहीत. फ्रेंच येत नाही, विकतची छायाचित्रं परवडणार नाहीत. पंजा आणि दांड्याचं नक्षीकाम स्पष्ट दिसेल असं फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीचं एखादं कोरीव चित्र कुठे मोफत बघायला मिळेल?