फॉरेस्ट ग्रेग टॅकल भारी, कोच फुसका? (उत्तर देणं भाग आहे)

सिनसिनाटीकर
आकडेशास्त्री काल रात्री लिहून गेले: अमेरिकन फुटबॉलमधला ग्रेग खेळाडू म्हणून, म्हणजे टॅकल (समोरच्याला अडवणारा लाईनमन) म्हणून देव, पण हेड कोच म्हणून एनएफएलमध्ये (तिथली व्यावसायिक लीग) ७५ विजय, ८५ पराभव, १ बरोबरी. सबब, ‘लाईनमनला फक्त समोरचा माणूस दिसतो, मैदान दिसत नाही, त्यांना लाईन कोचच्या वर चढवूच नये.’ तिथेच प्रतिसाद देणार होतो, पण रामायण झालं म्हणून वेगळा धागा.

अहो, त्याला मिळालेल्या टीम तरी बघा. १९७५ ला क्लीव्हलँड हातात आलं ते आदल्या मोसमात १४ पैकी ४ सामने जिंकलेलं. पहिल्या वर्षी ३-११ (विजय-पराभव), मार खाल्लाच. दुसऱ्या वर्षी ९-५ आणि एपी वृत्तसंस्थेचा ‘कोच ऑफ द इयर’. आमचं सिनसिनाटी सलग दोन वर्षं ४-१२ होतं. हा १९८० ला आला, १९८१ ला १२-४ आणि थेट सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. सान फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफटाईमला ०-२० असताना सामना २१-२६ पर्यंत आणला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तीन यार्डांवरून चार प्रयत्न करूनही बॉल आत गेला नाही, ही ठसठस इथल्या जुन्या लोकांना अजून आहे.

आणि ‘मैदान दिसत नाही’ म्हणे! १९८० च्या ड्राफ्टआधी (कॉलेजचे खेळाडू टीम क्रमानं निवडतात तो) टॅकल अँथनी मुन्योजच्या गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियांमुळे बऱ्याच टीम कचरत होत्या. ग्रेग स्वतः कॅलिफोर्नियाला गेला, पोराची परीक्षा घ्यायला स्वतःच समोर उभा राहिला. एका बाजूला हूल दिली, दुसरीकडून घुसायला गेला, आणि मुन्योजनं छातीवर दोन्ही हात असे लावले की हेड कोचसाहेब गवतावर उताणे. पोरगा ओशाळून माफी मागतोय, हा हसत उठतोय. तिसऱ्या क्रमांकावर त्यालाच उचलला. पुढे ११ प्रो बोल (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा सामना), हॉल ऑफ फेम. जे इतरांना एक्स-रेत दिसलं नाही ते यानं पाठीवर पडून पाहिलं.

आकडेशास्त्री
वा. कीर्तन छान. ग्रीन बेची टीम (पॅकर्स) मात्र सोयीस्कर गाळलीत. १९८४ ते ८७: ८-८, ८-८, ४-१२, ५-९-१. जिथे याच्या खेळाडूपणी कोच असलेल्या लोम्बार्डीनं याला आपला सर्वोत्तम खेळाडू म्हटलं, त्याच घरी ही अवस्था.

आणि शिस्तीचे गोडवे कुणी गाणार असेल तर १९८६ ची शिकागोची मॅच आठवा. पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनच्या कमरेला टॉवेल, त्यावर शिकागोच्या खेळाडूंचे नंबर लिहिलेले. शिकागोचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) मॅकमॅहन याचा बॉल टाकून झाला होता, तो पकडलाही गेला होता, आणि मार्टिननं मागून येऊन त्याला उचलून खांद्यावर आपटलं. दोन सामन्यांची बंदी आली. टॉवेल शिवायला कोच बसला नव्हता, मान्य. पण हेड कोचला आपल्या साईडलाईनवरचा टॉवेल दिसत नाही, यालाच मी ‘मैदान न दिसणं’ म्हणतो.

शिवाय ताजं उदाहरण: जेफ सॅटरडे, सेंटर, म्हणजे लाईनमनच. २०२२ मध्ये टीव्हीच्या खुर्चीतून उठवून कोल्ट्सचा कोच केला. १-७. मिनेसोटाविरुद्ध ३३-० आघाडीवरून हरले. मंचॅक घ्या, हॉल ऑफ फेम गार्ड (तोही लाईनवरचाच), कोच म्हणून टायटन्सकडे २२-२६. आणखी किती देऊ?

दगडफोड्या
चक नोल. क्लीव्हलँडचा गार्ड. कोच म्हणून चार सुपर बोल. बसा खाली.

आकडेशास्त्री
नोल लाईनबॅकरही (लाईनच्या मागे उभा राहणारा बचावपटू) खेळायचा.

दगडफोड्या
आणि आर्ट शेल? टॅकल. १९८९ ला आधुनिक एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, पहिल्या कारकिर्दीत ५४-३८. तोही बहुतेक शनिवारी क्वार्टरबॅक खेळत असेल.

आकडेशास्त्री
शेल २००६ ला परत आला तेव्हा २-१४. बरं, नोल तुमचा. अर्धा.

सिनसिनाटीकर
अर्ध्या नोलचे दोन सुपर बोल होतात, तेही कोच ग्रेगहून दोन जास्त. :)
पण मूळ मुद्दा वेगळा आहे. लाईनमन म्हणजे कबड्डीतला कोपरा. पकड त्याची, टाळ्या चढाईवाल्याला. ग्रेग साधारण ११३ किलोचा, त्या काळीही टॅकल म्हणून हलकाच. म्हणून फिल्म बघून बघून समोरच्याची पावलं पाठ करायचा. जो माणूस डोक्यानं खेळला त्याला तुम्ही ‘धक्के देणारा’ म्हणता, राग त्याचा येतो.

डॅलसची आत्या
तुम्ही सगळे एनएफएलमध्येच अडकलात. आमच्या एसएमयूचं (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) कोण बोलणार? खेळाडूंना चोरून पैसे देण्यावरून १९८७ चा मोसमच एनसीएएनं (कॉलेज खेळांची संघटना) रद्द केला, १९८८ ला कॉलेजनं स्वतःच खेळायचं नाही ठरवलं. टीम शून्य. ग्रेग तिथलाच माजी विद्यार्थी, ग्रीन बे सोडून ही राख सावडायला आला. १९८९ ला पहिल्या-दुसऱ्या वर्षाची कोवळी पोरं घेऊन उतरला. ह्यूस्टनकडून २१-९५ असा मार. पंच्याण्णव! मोसम २-९, पुढचा १-१०. आणि तरी कनेटिकटविरुद्ध ३१-३० नं जिंकलेली मॅच अजून इथे सांगतात. हे तुमच्या ७५-८५ मध्ये कुठे बसवता?

अवांतर: या धाग्यामुळे घरात भांडण पेटलंय. धाकट्याला हायस्कूलच्या टीममध्ये लाईनवर खेळायचंय. नवरा म्हणतो, खेळू दे. मी फॉर्मवर सही करणार नाही. तुमचा ग्रेग सलग १८८ सामने खेळला म्हणून सगळे नाचतात. २०११ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं, २०१९ ला गेला. ते कुणी लिहिलं नाही.

विदर्भवीर
आत्या, पार्किन्सन्स न खेळणाऱ्यांनाही होतो. मी नागपुरात मातीवर कबड्डी खेळलो, खांदा दोनदा निखळला, आज ठणठणीत आहे. पोरांना कापसात गुंडाळून ठेवायचं असेल तर बुद्धिबळाचा क्लास लावा.

डॅलसची आत्या
खांद्यात मेंदू असतो का हो तुमच्याकडे? प्रतिसाद वाचून तसंच वाटतंय.

फिजिओ पुणेकर
शांत. ग्रेगच्या बाबतीत फुटबॉलमुळेच झालं असं ठामपणे सांगता येणार नाही. पण आत्यांची भीती पोकळ नाही. लाईनवर मोठी टक्कर क्वचित. छोटी टक्कर जवळजवळ प्रत्येक डावाला. बेशुद्ध पडला तर निदान लोक धावतात. या बारीक धक्क्यांना ना चक्कर, ना उलटी, त्यामुळे मोजतं कोण? सरावातले तर कुणाच्या हिशेबातच नसतात.

सिनसिनाटीकर
माझा मोठा हायस्कूलभर गार्ड खेळला. त्याआधी खोलीतून बाहेर न पडणारं पोर होतं. आता नोकरी, संसार, सगळं सुरळीत. त्याला टीमनं माणसात आणलं. हे कुठल्या तक्त्यात येतं, फिजिओसाहेब?

फिजिओ पुणेकर
ज्या तक्त्यात विदर्भवीरांचा खांदा येतो त्याच.

डॅलसची आत्या
तुमचा सुटला, देवाची कृपा. आमच्या शेजारचा मुलगा डोक्याला मार लागल्यावर कित्येक दिवस पडदे ओढून बसायचा. वही उघडली की डोळे मिटायचा. शाळेचं नाव घेत नाही, पण तिथला कोच आईला म्हणाला, झोप काढू द्या, सोमवारी पाठवा. सोमवारी!

विदर्भवीर
तो कोच गाढव होता. त्यात खेळाचा काय दोष?

डॅलसची आत्या
हेच तर म्हणतेय. कोच कसा आहे हे आधी कळतं कुठे? विजय-पराभवाच्या आकड्यात ते लिहिलेलं नसतं.

आकडेशास्त्री
हा टोमणा मला होता, पोचला. मुद्दा बरा आहे, चुकीच्या धाग्यावर आहे.

दगडफोड्या
धाग्याचं कधीच भरीत झालंय. आत्या, सही केलीत की नाही?

डॅलसची आत्या
नवऱ्यानं केली. मी कोचला भेटायला जाणार आहे, प्रश्नांची यादी घेऊन. पहिला प्रश्न सोमवारचाच आहे.

आकडेशास्त्री
तर आता मूळ विषय. तडजोड म्हणून: मुन्योज ओळखला त्याचे ४ विजय बोनस, एसएमयूला गेला त्याचे २. ७५ चे ८१ करून देतो. तरी ८५ हून कमीच.

सिनसिनाटीकर
प्लेऑफ (मोसमानंतरचे बाद फेरीचे सामने) धरलेत का? १९८१ मोसमात बफेलो आणि सान डिएगो दोघांना घरी पाठवलं. सान डिएगोची मॅच उणे २३ सेल्सियसमध्ये, वर वारा, आणि आमची लाईन उघड्या दंडांनी उभी. २७-७. शिवाय हाच माणूस १९६७ च्या आईस बोल नावाच्या गोठवणाऱ्या सामन्यात टॅकल होता, उणे २५.

आकडेशास्त्री
प्लेऑफ २ जिंकले, २ हरले. थंडीचे गुण देत नाही.