अनुभव धागा: परदेशात अकाउंटन्सी शिकणारे आफ्रिकन विद्यार्थी

सुदान, केनिया, टांझानिया, इथिओपियाची मुलं पुण्याच्या कॉमर्स कॉलेजांत कित्येक वर्षं शिकताहेत. काही आयसीसीआर या भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येतात, बरीच घरच्या पैशावर. आपल्याकडे त्यांचा विषय निघतो तो भाड्याच्या घरावरून किंवा पोलिसांकडच्या नोंदणीवरून. ती इथे काय शिकतात, परत गेल्यावर त्याचा उपयोग होतो का, हे कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. नावे आणि जमा, म्हणजे डेबिट-क्रेडिट, जगात कुठेही सारखंच, म्हणून हा विषय घेतला असं बरेचजण सांगतात. ते कितपत खरं ठरतं? ज्यांनी त्यांना शिकवलं, त्यांच्या शेजारी बसून शिकले, घर दिलं, त्यांनी लिहा. त्यांच्यापैकी कुणी असेल तर आधी त्यांनी. कॉलेजांची आणि खासगी व्यक्तींची नावं नकोत.

पुणे, मित्राच्या वतीने

माझा मित्र सुदानमधल्या ओमदुरमानचा. त्याने हिंदी-इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत उतरवून त्याला वाचून दाखवलं. पुढचं सगळं त्याचं.

"आमच्याकडची बँकव्यवस्था १९८०च्या दशकात इस्लामी पद्धतीवर गेली. ट्रॅक्टर हवा असेल तर बँक व्याजाने पैसे देत नाही. ती आधी स्वतः ट्रॅक्टर घेते, आपला नफा किती ते उघड सांगते आणि मग तो मला हप्त्यांवर विकते. याला मुराबहा म्हणतात. पुण्यात आलो तर पहिल्याच वर्षी हुंडी मुदतीआधी व्याज कापून वटवणं, कर्जरोख्यांवरचं व्याज, येणं असलेल्या व्याजाची नोंद. गणित सुटायचं, पण आपण नेमकं काय लिहितोय ते डोळ्यांसमोर येत नव्हतं. घरी बँकेचा व्यवहार मी तसा पाहिलाच नव्हता.

एका सरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, तुझ्या मुराबह्याची किर्द, म्हणजे व्यवहाराच्या नोंदी, लिहून आण. मी नेली: माल, विक्री, हप्त्यांची येणी, अजून न कमावलेला नफा. सरांनी फळ्यावर तिच्या शेजारी इथल्या भाडे-खरेदीच्या नोंदी मांडल्या. बऱ्याच ओळी जुळल्या. खरा फरक मालकीत होता. भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता फिटल्यावर वस्तू तुमची होते, मुराबह्यात विक्रीच्या दिवशीच. त्या तासानंतर मला व्याजाची प्रकरणं समजायला लागली. बहारीनमधल्या आओइफी या संस्थेने अशा व्यवहारांसाठी हिशेबाची स्वतंत्र मानकं केली आहेत, हेही मला सरांमुळेच कळलं, तेही पुण्यात.

मग १५ एप्रिल २०२३ला खार्तूममध्ये लढाई पेटली. बँका बंद, घरून येणारे पैसे बंद. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. आम्ही सुदानी मुलांनी वर्गणी काढली आणि वही माझ्याकडे आली. कुणी किती दिले, कुणाच्या फीला गेले, कुणाच्या औषधाला. व्याजाचा रकाना नव्हता, परतफेडीच्या तारखेचाही नव्हता. आमच्या धर्मात अशा उसन्याला कर्द हसन म्हणतात. महिनाअखेरीला मी ती वही सगळ्यांसमोर वाचायचो. वर्गात लेखापरीक्षण शिकलो होतो, पण हिशेब तपासणाऱ्याला उत्तर का द्यायचं, हे मला त्या खोलीत समजलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी बेपत्ता होतं."

निवृत्त प्राध्यापिका, पुणे

वरचं वाचून फार बरं वाटलं. असे सर सगळ्यांना मिळत नाहीत.

माझ्या वर्गात इथिओपियाच्या मुली असायच्या. त्यांच्या पंचांगात तेरा महिने, बारा तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष सप्टेंबरात, पण सरकारी आर्थिक वर्ष आपल्या ८ जुलैच्या सुमारास सुरू होतं. '१ ऑक्टोबरला यंत्र घेतलं, ३१ मार्चपर्यंतचा घसारा (वापराने घटलेली किंमत) काढा' हे उदाहरण आपली मुलं झोपेतही सोडवतात. या मुली आधी दिवस मोजत बसायच्या. त्यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांचं वर्ष वेगळं होतं. पेपर तपासताना हे कुणी ध्यानात घेत नाही.

माझी खरी तक्रार अभ्यासक्रमाबद्दल आहे. कंपनीचा ताळेबंद आपण कंपनी कायदा २०१३च्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे शिकवतो. जुलै २०१७पासून जीएसटी आला, त्यात केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, आंतरराज्य व्यवहाराचा वेगळा कर. भारतात राहणाऱ्याला हे हवंच. पण केनियाच्या मुलाला घरी एकच व्हॅट, सर्वसाधारण दर १६ टक्के, आणि त्याच्या देशाने हिशेबाची आंतरराष्ट्रीय मानकं १९९९पासून स्वीकारलेली. त्याला निदान एक पर्यायी पेपर त्या मानकांचा द्या, असं मी अभ्यासमंडळात वारंवार मांडलं. विद्यार्थी थोडे आहेत, हे उत्तर मिळायचं. परदेशी विद्यार्थ्यांची फी मात्र जास्त घेतली जाते. हा अन्याय आहे असं माझं आजही ठाम मत आहे.

घरमालकीण, कोंढवा

माझ्याकडे टांझानियाची दोन मुलं राहिली. तेव्हा परदेशी माणूस ठेवला की तो राहायला आल्याची माहिती देणारा सी-फॉर्म चोवीस तासांत भरावा लागायचा. तो ऑनलाइन भरता यायचा, अवघड नव्हता. अवघड गेलं ते सोसायटीत. सभेत काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की त्याच वर्षी सोसायटीच्या मेंटेनन्सच्या खात्यातली चूक सापडेना, तेव्हा यांच्यातल्या एकाने रात्री बसून बँकेच्या पासबुकाशी नोंदी ताडून पाहिल्या आणि दोनदा पडलेली पावती शोधून दिली. तो चांगलाच होता, पावती सापडली नसती तरी.

नैरोबीहून

मी मूळचा सांगलीचा, इथे एका कंपनीत लेखाविभाग बघतो. पुण्याहून बीकॉम करून आलेली एक मुलगी आमच्याकडे लागली. परदेशी पदवीला आधी इथली मान्यता घ्यावी लागते, आणि नावापुढे सीपीए, म्हणजे इथली व्यावसायिक लेखापालाची पात्रता, लावायचं तर कास्नेब या इथल्या परीक्षा मंडळाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. त्यात तिचा वेळ गेला, हे नाकारत नाही.

तिचा हात बसला होता तो व्हाउचर आणि ताळमेळाच्या कामावर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. इथे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७पासून आहे. गिऱ्हाईक दुकानदाराला, भाडेकरू मालकाला, सगळे फोनवरून पैसे देतात. दिवसाकाठी शेकडो लहान रकमा, त्यातून कापलेलं शुल्क, खाते क्रमांकाच्या जागी कुणी स्वतःचं नाव टाकलेलं, कुणी काहीच न टाकलेलं. हे रोजच्या रोज जुळवलं नाही तर महिनाअखेरीला पैसे कुणाचे तेच सांगता येत नाही. ती रोज जुळवूनच घरी जायची.

उत्तर इंग्लंड

माझं एमएससी अकाउंटिंग २०२३-२४चं. वर्गात नायजेरियाचे बरेचजण, बहुतेक तिशीपुढचे, लागोसच्या बँकांत वर्षं काढलेले. त्यांच्या देशाचे अकिंतोला विल्यम्स इंग्लंडमध्ये १९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट झाले, तो मान मिळवणारे पहिले नायजेरियन. त्यांचं नाव हे लोक घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतात. आम्ही शिकत होतो तेव्हाच, सप्टेंबर २०२३मध्ये ते वारले.

प्रवेश घेतला तेव्हा त्यांच्या देशाचं चलन, नायरा, डॉलरला साधारण ४६० होतं. जून २०२३मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर मोकळा सोडला आणि फेब्रुवारी २०२४पर्यंत तो दीड हजारांवर गेला. फी पौंडात, बचत नायरात. परकीय चलनाच्या मानकाचा तास चालू असताना माझ्या शेजारच्याने वहीच्या मागे स्वतःच्या दुसऱ्या हप्त्याची नोंद केली होती, विनिमय तोट्यासकट. तो गोदामात रात्रपाळी करायचा, कायद्याने मिळणाऱ्या आठवड्याच्या २० तासांत. बायको-मुलं सोबत होती. जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या अशा अभ्यासक्रमांना कुटुंब आणणं बंद झालं, तेव्हा नंतर येणाऱ्या भावाला काय सांगायचं याचीच त्याला चिंता होती. तो पास झाला, चांगल्या गुणांनी.

नैरोबीहून

प्राध्यापिकाबाई, तुमचे सहकारी अजून शिकवत असतील तर कळवा. नावं काढून टाकलेल्या एम-पेसाच्या महिन्याभराच्या नोंदी आणि १६ टक्के व्हॅटचं कोरं विवरणपत्र मी पाठवतो. पेपर मंजूर होईपर्यंत थांबायला नको, एका तासाचं प्रात्यक्षिक सहज होईल.