सेन्सर तोच, भोवताल वेगळा

प्रयोगशाळेत अचूक ठरलेला, मधुमेहींची साखर मोजणारा ग्लुकोज सेन्सर त्वचेखाली का भरकटतो, असा प्रश्न पडतो. गंमत म्हणजे शरीरातून काढलेला ‘बिघडलेला’ सेन्सर पुन्हा द्रावणात ठेवला की कित्येकदा नीट चालतो! आत जाताच त्यावर प्रथिनं चिकटतात, मग पांढऱ्या पेशी जमतात, काही आठवड्यांत तंतुमय आवरण चढतं आणि ग्लुकोज झिरपणं मंदावतं. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरावर (एन्झाइमवर) चालणाऱ्या सेन्सरला ऑक्सिजनही लागतो. ऊतींमध्ये तो ग्लुकोजच्या मानाने फारच कमी. काचेच्या भांड्यात ही टंचाई जाणवतच नाही, त्यामुळे तिथल्या आकड्यांना मी फार भाव देत नाही. एव्हरसेन्स हा त्वचेखाली बसवायचा सेन्सर मात्र प्रकाशावर चालतो, शिवाय दाह रोखायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध सोडतो. अमेरिकेत त्याला २०१८ साली ९० दिवस वापरण्याची मान्यता होती, २०२४ मध्ये ३६५ दिवसांची मिळाली.