सोळा वर्षांच्या पिचरसाठी कायदेशीर सप्लिमेंट: सल्ला हवा आहे

शाल्मली_एनजे
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सोळा वर्षांचा असून शाळेच्या बेसबॉल संघात पिचर (चेंडू टाकणारा) आहे. त्याचे वजन ६२ किलो आहे. घरी शाकाहार असतो, अंडी मात्र चालतात. संघातील बरीच मुले स्नायूंसाठी क्रिएटिन आणि सरावाआधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर घेतात, म्हणून यालाही ते हवे आहे. कायद्याने चालणारे आणि महिन्याला ४० डॉलरच्या आत बसणारे काय घ्यावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

डॅलसचा_बंड्या
ताई, स्वस्तातले घेऊच नका. माझा चिरंजीव क्रिएटिन, व्हे प्रोटीन आणि प्री-वर्कआउट असा ९० डॉलरचा कॉम्बो घेतो आणि त्याचा फास्टबॉल एका वर्षात ताशी ७६ वरून ८३ मैलांवर गेला आहे. प्रशिक्षकही चकित आहेत. माझ्याकडे कूपन आहे, विपूत (विचारपूस पानावर) विचारा.

कोल्हापुरी_तालीम
बंड्याभाऊ, त्या वयात मुलगा उंच होतो, खांदे भरतात, वेग आपोआप वाढतो. त्याचे श्रेय डब्याला कशाला देता? आमच्याकडे पैलवान दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईवर तयार झाले. शाल्मलीताई, डिंकाचे लाडू करा.

सेंट_लुईसवाले_काका
‘कायदेशीर’ या शब्दावर फार विसंबू नका. १९९८ साली आमच्या सेंट लुईसच्या बेसबॉल संघातील मार्क मॅग्वायरने ७० होमरन (बेसबॉलमधले षटकारच) मारले, त्या हंगामात त्याच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टीनडायोन या सप्लिमेंटची बाटली एका पत्रकाराच्या नजरेस पडली. ऑलिंपिक समितीने आणि एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलच्या लीगने) तोवर त्यावर बंदी घातली होती, तरी मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलमध्ये, ते चालत होते आणि दुकानात कोणालाही मिळत होते. शरीरात गेल्यावर त्या द्रव्याचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) बनते हे माहीत असूनही लीगची बंदी यायला २००४ उजाडले. पुढे २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचेही कबूल केले. आम्ही त्या उन्हाळ्यात स्टेडियममध्ये उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

मुग्धा_आहार
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. १९९४ च्या अमेरिकी कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी एफडीएची (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची) मंजुरी लागत नाही. त्यामुळे लेबलवर जे छापले आहे तेच डब्यात आहे, याची खात्री कोणीतरी त्रयस्थाने करावी लागते. त्यासाठी ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ ही खूण पाहा. मेजर लीगचे संघही खेळाडूंना याच खुणेची उत्पादने देतात. क्रिएटिन मोनोहायड्रेटवर भरपूर संशोधन झालेले आहे आणि मोठ्यांसाठी रोज ३ ते ५ ग्रॅम पुरेसे असते. ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळत असल्याने शाकाहारी लोकांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. पावडर कृत्रिमरीत्या बनवलेली असल्याने तुम्हाला चालेल, कॅप्सूल मात्र बहुधा प्राणिज जिलेटिनची असते. तरीही अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना अल्पवयीन खेळाडूंना क्रिएटिनची शिफारस करत नाही, तेव्हा आधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला.

सदाशिव_पेठ_४११०३०
पृथ्वी शॉचे प्रकरण कोणीच कसे आठवले नाही? २०१९ मध्ये त्याच्यावर बीसीसीआयने आठ महिन्यांची बंदी घातली होती. डबा उघडण्यापूर्वी विचार करा.

मुग्धा_आहार
ते टर्ब्युटालिन होते, खोकल्याच्या औषधात असते ते. त्याचा सप्लिमेंटशी संबंध नाही.

सदाशिव_पेठ_४११०३०
तोंडावाटेच गेले ना? मग मुद्दा तोच.

फ्रेमाँटची_मावशी
प्री-वर्कआउट अजिबात नको. आमच्या भाचीने सरावाआधी दोन चमचे घेतले आणि चेहऱ्याला व हातांना मुंग्या आल्या, छाती धडधडू लागली. मुंग्या त्या पावडरीतील बीटा-अ‍ॅलनिनच्या होत्या आणि त्या निरुपद्रवी असतात असे नंतर कळले, परंतु एका चमच्यात कॅफिन किती, हे ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली झाकलेले होते. कंपनीला पत्र लिहिले, त्याचे उत्तर आजतागायत नाही.

सेंट_लुईसवाले_काका
मावशींशी सहमत. बाल्टिमोर ओरिओल्सचा पिचर स्टीव्ह बेक्लर फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडातील सराव शिबिरात उष्माघाताने गेला. वय २३. तो एफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असलेले वजन घटवण्याचे सप्लिमेंट घेत होता, तेही तेव्हा कायदेशीरच होते. एफडीएची बंदी पुढच्या वर्षी आली.

डॅलसचा_बंड्या
काका, वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगून पालकांना घाबरवू नका. आता सगळे तपासलेले असते.

मुग्धा_आहार
सगळे तपासलेले नसते, हेच मी वर लिहिले आहे.

बुलपेनचा_बाप
पावडरीवरून एवढा खल झाला, पण मुलगा आठवड्यात किती चेंडू टाकतो हे कोणी विचारले का? मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत १५-१६ वर्षांच्या मुलाला एका दिवसात कमाल ९५ चेंडूंची मर्यादा आहे आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस ठरलेले आहेत. शाळेचा संघ आणि क्लबचा संघ वेगवेगळे हिशेब ठेवतात, दोन्हींची बेरीज पालकांनाच करावी लागते. कोपराचा लिगामेंट (हाडे जोडणारा अस्थिबंध) कोणत्याही डब्याने वाचत नाही. टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर १९७४ मध्ये जी शस्त्रक्रिया प्रथम झाली, ती आता शाळकरी मुलांवरही होते.

हडसनपलीकडून
न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांखालील मुलांना स्नायू वाढवणारी सप्लिमेंट विकण्यास मनाई केली आहे. आमच्या मुलाला दुकानदाराने ओळखपत्र मागितले. तुमच्या बाजूला हे झंझट नाही, याचा आनंद मानावा की चिंता करावी ते तुम्हीच ठरवा. बाकी क्रिएटिन चांगलेच आहे असे वर आलेच आहे, माझेही तेच मत.

कोल्हापुरी_तालीम
लाडवांचे काय झाले?

शाल्मली_एनजे
सर्वांचे मनापासून आभार. चेंडूंची वही कालपासून सुरू केली; क्लबचा रविवार शाळेच्या हिशेबात धरलाच जात नाही, हे बुलपेनचा_बाप यांच्यामुळे लक्षात आले. क्रिएटिनकडे बहुतेकांचा कल दिसला, तरी अठरा पूर्ण होईपर्यंत ते घरात येणार नाही, आणि प्री-वर्कआउटचा विषय संपला. लाडू चिरंजीव डब्यातून जसेच्या तसे परत आणतात. अखेर एनएसएफची खूण असलेले व्हे प्रोटीन आणले, कारण सरावानंतर घरी येईपर्यंत तो काहीच खात नाही आणि हे मात्र पितो. डबा ५५ डॉलरला पडला.

डॅलसचा_बंड्या
मग माझ्या कूपनमध्ये काय वाईट होते?

फ्रेमाँटची_मावशी
व्हॅनिला घेतलेत की चॉकलेट? आमच्याकडच्या चॉकलेटच्या थंड दुधात गाठी होतात.