गेममधला राजकीय संदेश: वाद घालायचा तर कशाच्या आधारावर?

सोंगटी:
गेममधल्या राजकारणाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो 'राजकारण आणू नका', दुसरा म्हणतो 'सगळंच राजकीय असतं'. गाडी तिथेच अडते. एखादा गेम नेमकं काय म्हणतोय हे दाखवायचं, तर पुरावा शोधायचा कुठे? संवादांत?

फासा:
आधी नियमांत. 'पेपर्स, प्लीज' (२०१३) घ्या. हुकूमशाही देशाच्या सीमेवरच्या तपासनिसाला, म्हणजे खेळणाऱ्याला, योग्य रीतीने निकाली काढलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी त्याच पैशांत भाडं, जेवण, ऊब भागवायची. एकदा एक जोडपं येतं: नवऱ्याचे कागद बरोबर, बायकोकडे प्रवेश परवाना नाही. तिला आत सोडलं तर एक ताकीद खर्च होते. म्हणजे फुकटात माणुसकी दाखवायची मुभा दिवसाला दोनदाच, आणि खऱ्या चुकाही त्यातच मोजल्या जातात! हुकूमशाहीबद्दलचं एवढं टोकदार विधान कुठल्याही पात्राच्या तोंडी नाही.

हुकूमएक्का:
फासा यांचं पटतं, पण हिशेब शेवटपर्यंत करा. 'बायोशॉक' (२००७) वरचे बरेच वाद अर्ध्या आकड्यांवर चालतात. त्यात 'लिटल सिस्टर' नावाच्या लहान मुली भेटतात. एकीला मारलं तर १६० अ‍ॅडम (शक्ती विकत घ्यायचं गेममधलं चलन), वाचवलं तर ८०. इथे थांबलात तर चांगुलपणा महागात पडतो असं वाटेल. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० अ‍ॅडमची भेट येते. एकूण २१ मुली: मारून ३३६०, वाचवून ३०८०. फरक जेमतेम २८०, शिवाय भेटीत इतर वस्तूही असतात. स्वार्थाच्या तत्त्वज्ञानावर कथा कडक टीका करते, नियम मात्र त्यागाची किंमत जवळपास परत करतात. माझ्या मते टीका इथेच बोथट होते.

प्यादं:
एक सावधगिरी. प्रत्येक आकडा म्हणजे मत नव्हे. काही आकडे निव्वळ खेळाचा तोल साधायला असतात. 'सिमसिटी'सारख्या शहर उभारायच्या गेममध्ये नियम कशाला झुकतं माप देतात हे तपासायचं तर सेव्हची (जतन केलेल्या खेळाची) प्रत काढा, फक्त कराचा दर बदला, बाकी कशाला हात न लावता काही वर्षं चालू द्या. मग तेच फक्त पोलीस खर्चावर करा. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

सोंगटी:
आणि पर्यायच नसेल तर? 'स्पेक ऑप्स: द लाइन' (२०१२) या युद्धाच्या गेममधला, व्हाइट फॉस्फरस या जाळणाऱ्या रसायनाच्या हल्ल्यात सामान्य नागरिकही मरतात तो प्रसंग?

फासा:
तिथे 'मी निवडलं' हा दावा टिकत नाही, कारण तो हल्ला केल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. वाद घालायचा तर एवढ्यावरच घाला: सक्तीने करायला लावलेल्या कृत्याचा दोष गेम खेळाडूवर टाकू शकतो का?