माडावर वीज पडून गाडीचे इलेक्ट्रॉनिक्स निकामी झाले. विमा कंपनीला कारण कसे पटवून द्यावे? मदत हवी आहे

नमस्कार.

मोटार विम्याच्या दाव्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गाडीच्या पत्र्यावर जळाल्याची एकही खूण नसताना तिचे नुकसान वीज पडल्यानेच झाले, हे कोणत्या पुराव्याने सिद्ध करता येते, असा माझा प्रश्न आहे.

आमचे गावचे घर दापोली तालुक्यात आहे. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी, वळवाचा पाऊस नीट सुरू होण्याआधीच, परसातल्या माडावर वीज पडली. त्या माडापासून चार-पाच पावलांवर गाडी उभी होती. ती बंद होती व किल्ली घरात होती. माडाच्या शेंड्याकडील झावळ्यांनी पेट घेतला, बुंध्यावर वरून खालपर्यंत एक उभी चीर गेली, घरातील मीटरबोर्डाचे झाकण उडाले, इन्व्हर्टर व राउटर बंद पडले आणि शेजारच्या विहिरीवरील पंपाचा स्टार्टर जळाला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिमोटने उघडेना. किल्लीने दार उघडून इग्निशन चालू केले तेव्हा एअरबॅग, एबीएस आणि पॉवर स्टिअरिंग यांचे इशारादिवे पेटलेलेच राहिले, आणि स्टार्टर फिरूनही इंजिन सुरू झाले नाही. गाडी टो करून अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. तेथे स्कॅनर लावल्यावर इंजिनचा इसीएम (इंजिन चालवणारा संगणक), एबीएस (ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), बॉडी कंट्रोल मॉड्यूल आणि एअरबॅग मॉड्यूल यांपैकी एकाशीही संपर्क होत नसल्याचे आढळले. गाडीला चौथे वर्ष सुरू आहे, पॉलिसी सर्वसमावेशक असून झिरो डेप (भाग बदलताना घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले आहे, आणि वर्कशॉपने सव्वा लाखाच्या आसपास एस्टिमेट दिले आहे.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. त्याचे म्हणणे असे की, अँटेना वितळलेली नाही, काच तडकलेली नाही, टायर फुटलेला नाही आणि सगळे फ्यूजसुद्धा शाबूत आहेत, तेव्हा गाडीवर वीज पडली असे म्हणता येत नाही. त्यानंतर कंपनीचे पत्र आले असून, हे नुकसान ‘इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’ या अपवादात मोडते किंवा उलट्या तारा लावून जंप स्टार्ट केल्याने झालेले असावे, असे त्यात सुचवून माझा खुलासा मागवला आहे. दावा अद्याप अधिकृतपणे फेटाळलेला नाही. वास्तविक, त्या सकाळी गाडीला कोणीही जंप स्टार्ट दिलेला नाही. बॅटरीचे व्होल्टेज ठीक असल्याचे वर्कशॉपच्या जॉबकार्डवरही नोंदलेले आहे.

माझ्याकडे माडाचे आणि मीटरबोर्डाचे त्याच रात्री काढलेले फोटो आहेत. त्यांपैकी एका फोटोत माड व गाडी दोन्ही दिसतात. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी (आपले पूर्वीचे तलाठी) पंचनामा केला आहे, परंतु त्यात माड आणि घर यांचाच उल्लेख आहे, कारण ते आले तोवर गाडी वर्कशॉपमध्ये गेली होती. वीज प्रत्यक्ष गाडीवर न पडता शेजारी पडली तर ते नुकसान विम्याच्या कक्षेत येते का? शाबूत फ्यूजच्या आक्षेपाला तांत्रिक उत्तर काय द्यावे? आणि त्या वेळी त्या ठिकाणी वीज पडल्याची अधिकृत नोंद कोठून मिळेल? कृपया अनुभव किंवा माहिती असलेल्यांनी सांगावे.

प्रतिसाद १

मी वाहनांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, म्हणून केवळ तांत्रिक भागापुरते लिहितो.

सर्व्हेअरने सांगितलेल्या खुणा थेट गाडीवर पडलेल्या विजेच्या आहेत. तुमच्या बाबतीत वीज माडावर पडून जमिनीत उतरली. अशा एका तडाख्यात साधारण ३०,००० ॲम्पिअरचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो आणि तेवढ्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र आसपासच्या प्रत्येक तारेत विद्युतदाब निर्माण करते. गाडीतील वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) म्हणजे मीटरच्या मीटर लांबीची तार, आणि तिच्या टोकाला पाच व्होल्टवर काम करणाऱ्या चिप. शिवाय ओल्या जमिनीतून पसरणारा प्रवाह किंवा बुंध्यावरून बाजूला उडणारी ठिणगी हे मार्ग वेगळेच. टायर रबरी असल्यामुळे गाडी सुरक्षित राहते हा समज या दाबांपुढे टिकत नाही.

आता फ्यूजबद्दल. फ्यूज तापून वितळतो आणि त्याला तापायला वेळ लागतो. मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला झटका चिपचा बळी घेतो, पण फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. याउलट, जंप स्टार्टच्या तारा उलट्या लागल्या तर बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरमधील डायोड हे बहुधा सर्वांत आधी जातात. म्हणजे ज्या शाबूत फ्यूजवर सर्व्हेअर बोट ठेवतो आहे, तेच कंपनीच्या जंप स्टार्टच्या तर्काच्या विरोधात जातात. वर्कशॉपकडून मुख्य फ्यूज व अल्टरनेटर तपासून त्याचा निष्कर्ष लेखी घ्या. माझ्या मते तुमच्या खुलाशातील हा सर्वांत वजनदार मुद्दा ठरेल.

दुसरी गोष्ट, स्कॅनरचा अहवाल कोड पुसण्यापूर्वीचा असला पाहिजे आणि त्यावर तारीख, वेळ व किलोमीटर हवेत. ‘यू’ अक्षराने सुरू होणारे, संपर्क तुटल्याचे अनेक कोड दिसतील. मात्र एकटा इसीएम मेला तरी असे कोड इतर मॉड्यूलमध्ये उमटतात, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडण्याच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध (रेझिस्टन्स) मोजायला सांगा. कॅन नेटवर्क (मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा) निरोगी असेल तर तो ६० ओहमच्या आसपास भरतो. मग एकेक मॉड्यूल सोडवत गेल्यास कोणकोणत्या मॉड्यूलचा ट्रान्सीव्हर (संदेश देणारी-घेणारी चिप) जळाला आहे ते उघड होते. वेगवेगळ्या जागी बसवलेली चार मॉड्यूल एकाच रात्री नैसर्गिक झिजेने बंद पडत नाहीत, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

गाडी लिफ्टवर घेऊन रिमच्या कडा, सस्पेन्शनचे खालचे भाग आणि सायलेन्सरचे हँगर टॉर्चच्या उजेडात पाहा. टाचणीच्या टोकाएवढे, कडा वितळलेले खड्डे असले तर त्यांचे जवळून फोटो घ्या. उंदराने कुरतडलेली वायर नाही आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवा गंज धरलेला नाही, हेही अहवालात यावे, कारण पुढचा आक्षेप तोच असतो. पत्रा चुंबकित झाला का ते होकायंत्राने पाहण्याचा सल्ला काहीजण देतात. गाडीचा पत्रा एरवीही थोडाफार चुंबकित असतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

प्रतिसाद २

विमा क्षेत्रात बराच काळ काम केल्यामुळे कागदपत्रांच्या बाजूने लिहिते.

सर्वप्रथम पॉलिसीचे विभाग १ उघडा. प्रमाणित मोटार पॉलिसीत पहिल्याच जोखमीत आग, स्फोट, आपोआप पेट घेणे आणि वीज यांचा एकत्र उल्लेख असतो. तेथे वीज गाडीवरच पडली पाहिजे अशी अट नाही. नुकसान विजेमुळे झालेले असावे, एवढेच अपेक्षित आहे. ‘इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’ हा अपवाद आपसूक झालेल्या बिघाडासाठी आहे. नुकसान विमा उतरवलेल्या जोखमीमुळे झाले हे प्रथमदर्शनी दाखवण्याची जबाबदारी तुमची, पण अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. खुलाशात हे स्पष्ट लिहा आणि जंप स्टार्टच्या तर्काला आधार काय, हे कंपनीला विचारा.

वेळेच्या नोंदीसाठी तीन ठिकाणे सुचवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे वीज शोधणारे सेन्सर देशभर बसवलेले आहेत. ‘दामिनी’ ॲप त्यांच्याच आधारे चालते. ॲपवर जुने दिसत नाही, म्हणून अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ देऊन संस्थेकडे लेखी विनंती करावी. भारतीय हवामान विभागाची वेधशाळा तुमच्या तालुक्यातच, हर्णै येथे आहे. मेघगर्जनेची नोंद वेधशाळा ठेवतात आणि विभागाच्या पुणे कार्यालयाकडून शुल्क भरून माहिती मिळते. या दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यामुळे उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. तिसरे ठिकाण महावितरणचे: त्या संध्याकाळी तुमच्या गावाचा ११ केव्ही फीडर (गावाला वीज पुरवणारी वाहिनी) किती वाजता ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, हे उपकेंद्राच्या लॉगशीटमध्ये असते. अनेकांना हे सुचत नाही, पण विजेची वेळ आणि फीडरची वेळ जुळली की सर्व्हेअरला त्यावर काही बोलता येत नाही.

पंचनाम्यात गाडी नाही म्हणून खचू नका. जे पाहिले नाही ते अधिकाऱ्याने नंतर लिहावे असा आग्रहही धरू नका. तसा बदललेला कागद उलट अंगावर येतो. पंचनाम्याची साक्षांकित प्रत घ्या, माड आणि गाडी एकत्र दिसणारा मूळ फोटो मोबाइलमधून न पुसता जपून ठेवा, आणि शेजाऱ्यांचा जबाब त्यांच्या जळालेल्या स्टार्टरच्या दुरुस्तीच्या बिलासह जोडा.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील एका निकालात म्हटले आहे. केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाचे २०२४ चे परिपत्रकही सांगते. पुढे दावा फेटाळला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटर शाबूत असल्याचे वर्कशॉपने आज लेखी दिले. सस्पेन्शनच्या एका आर्मवर दोन बारीक खड्डे दिसले, परंतु ते जुन्या दगडाचे आहेत की वितळल्याचे, हे मला ठरवता येत नाही, म्हणून सध्या त्यांवर भर देत नाही.

माडाबद्दल एक नवी गोष्ट सांगायची आहे. त्याचा शेंडा आता मान टाकू लागला असून बुंध्यावरील चिरेतून तांबूस-तपकिरी रस ओघळतो आहे. याचा पुरावा म्हणून उपयोग होईल का? आणि दुसरी अडचण अशी की, वर्कशॉप आता जागेचे भाडे लावण्याची भाषा करत आहे व मॉड्यूल बदलून काम सुरू करू का, असे विचारत आहे. दाव्याचा निर्णय होईपर्यंत थांबावे की काम सुरू करू द्यावे?

प्रतिसाद ३

माडाच्या बाबतीत निश्चित उपयोग होईल. विजेचा धक्का बसलेला माड लगेच मरत नाही, शेंडा उतरत जातो आणि खोडातून असा रस येतो. पण कीड किंवा रोगानेही खोड पाझरते, त्यामुळे तुमच्या शब्दापेक्षा जाणकाराचा शब्द हवा. कृषी विद्यापीठ दापोलीतच आहे आणि त्याचे नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये येथे आहे. फोटो व नमुन्यासह अर्ज करून लेखी अभिप्राय मागा. तोपर्यंत माड तोडू नका.

दुरुस्तीबाबत एवढेच सांगतो की, काम सुरू करण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून ठरावीक दिवशी संयुक्त तपासणीला बोलवा आणि त्या दिवशी कोणी न आल्यास भाग काढले जातील, असे त्यात नमूद करा. कंपनीचा माणूस आला तर रोधाची मोजणी त्याच्यासमोर करून त्याची सही घ्या; न आला तर वर्कशॉपच्या व्यवस्थापकाची घ्या. काढलेल्या प्रत्येक मॉड्यूलच्या लेबलचा, अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो काढून तो भाग पिशवीत मोहोरबंद करा आणि वर्कशॉपने तो परस्पर भंगारात देऊ नये, असे जॉबकार्डवरच लिहून घ्या. रक्कम मंजूर झाली तर कंपनी जुने भाग मागेल, आणि लोकपालापर्यंत जावे लागले तर स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला तेच हाताशी लागतील. गाडी बंद असल्यामुळे होणारा टॅक्सीचा खर्च आणि वर्कशॉपचे भाडे पॉलिसीत बसत नाही, म्हणून संयुक्त तपासणीची तारीख शक्य तितकी जवळची घ्या.